झेबू गोवंशाची प्रजननक्षमता : मांसोत्पादक कळपांतील निवड-पैदाशीचा अनुभव

प्रस्तावना

गोवंशसुधारणेचा विचार महाराष्ट्रात प्रामुख्याने दूध आणि ओढकाम या दोन अंगांनी होत आला आहे. मांसोत्पादनासाठी गुरांची पद्धतशीर पैदास करणे हा विषय येथील धार्मिक भावनेत बसत नाही आणि १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यातील सुधारणा २०१५ मध्ये अमलात आल्यानंतर तो कायद्याच्या चौकटीतही बसत नाही. मग या विषयावर मराठीत लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गुरांच्या वंशावळीत सापडते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, ब्राझीलच्या पठारी प्रदेशात आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण पट्ट्यात मांसासाठी जी गुरे पाळली जातात, त्यांतील फार मोठ्या हिश्श्याचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत. आंध्रातील ओंगोल, गुजरातेतील गीर व कांकरेज आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांच्या सीमेवरील कृष्णा व्हॅली या त्या मूळ जाती होत. वशिंड असलेल्या या गोवंशाला सामान्यतः झेबू म्हणतात.

झेबू गाय उशिरा वयात येते, उशिरा विते आणि तिच्या दोन वेतांतील अंतर अधिक असते, हे विधान आपल्याकडील पशुसंवर्धनाच्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आलेले आहे की ते जातीचा स्वभावधर्म म्हणूनच स्वीकारले गेले. १९६० नंतरच्या दशकांत विदेशी वळूंच्या संकराचे जे धोरण देशभर राबविले गेले, त्याच्या समर्थनार्थ अधिक दुधाबरोबर हेही एक कारण दिले जाई. परदेशातील मांसोत्पादक पशुपालकांचीही झेबूविषयी हीच तक्रार होती. तथापि त्यांच्यापैकी काहींनी ती तक्रार मोजून पाहिली. या मोजणीतून जे हाती आले ते आपल्या समजुतीला धक्का देणारे आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

वर्षाला एक वासरू

दुधाळ गाय रोज उत्पन्न देते. मांसोत्पादक कळपातील गाय वर्षभर चरते आणि त्या बदल्यात एकच गोष्ट देते, ती म्हणजे दुधावरून तुटलेले एक वासरू. ज्या वर्षी ते वासरू नाही त्या वर्षी तिने खाल्लेला चारा, प्यायलेले पाणी, तुडविलेले रान आणि सोडलेला मिथेन वायू या सर्वांचा भार इतर गाईंच्या वासरांवर पडतो. समजा, शंभर गाईंच्या एका कळपातून वर्षाला ८५ वासरे तुटतात आणि दुसऱ्यातून ६०. गाईंवरील खर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असल्याने दुसऱ्या कळपातील प्रत्येक वासरामागे तो सुमारे ४० टक्क्यांनी अधिक येतो. वासराचे वजन दहा-पाच किलोंनी वाढविण्यासाठी केलेली सारी धडपड या फरकापुढे किरकोळ ठरते. असे असूनही बाजारात वजन दिसते आणि न झालेले वासरू दिसत नाही. त्यामुळे पैदासकारांचे लक्ष दीर्घकाळ वजनाकडेच राहिले.

वर्षाला एक वासरू या अपेक्षेतील गणित किती काटेकोर आहे, हे सहसा लक्षात येत नाही. हिअरफर्ड, अँगस यांसारख्या ब्रिटिश जातींच्या गाईंचा गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा असतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून तो वजा केल्यास पुन्हा गाभण राहण्यासाठी ८२ दिवस उरतात. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यास साधारण ४० दिवस लागतात आणि माजाचे चक्र २१ दिवसांचे असते. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी गाईला दोनच संधी मिळतात. झेबूचा गाभणकाळ याहून सुमारे आठवडाभर अधिक असल्यामुळे तिच्याकडे ७५ च्या आसपासच दिवस उरतात. त्यातही ती वासरू पाजत असते. वासराच्या सततच्या चोखण्यामुळे मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारे संप्रेरकांचे संकेत मंदावतात आणि पाजती गाय महिनोन् महिने माजावर येत नाही. हा पाजत्या गाईचा माजविरहित काळ झेबूमध्ये विशेष दीर्घ असतो आणि पहिल्या वेताच्या गाईत तो सर्वांत दीर्घ असतो, कारण तिचे स्वतःचे शरीरही अजून वाढत असते. घरातील दावणीला बांधलेल्या गाईला वैरण-खुराक वाढवून सावरता येते. हजारो हेक्टरांच्या कुरणात वर्षातून एक-दोनदाच माणसाच्या दृष्टीस पडणाऱ्या गाईला तसे सावरणे शक्य नसते.

जगण्यासाठी आणलेली गाय

ब्राह्मन या नावाने ओळखली जाणारी जात अमेरिकेत घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे पोहोचलेल्या वर उल्लेखिलेल्या चारही भारतीय जातींच्या मिश्रणातून ती तयार झाली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली. यांतील कृष्णा व्हॅली ही जात काळ्या भारी जमिनीच्या नांगरटीसाठी दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या आश्रयाने घडविली गेली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला कुतूहलाची वाटावी. ज्या रानात ती वाढली तेथे आज तिची संख्या अत्यल्प आहे. तिचा अंश मात्र सातासमुद्रांपलीकडील लक्षावधी गुरांच्या रक्तात टिकून आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ब्राह्मन गुरे १९३३ मध्ये अमेरिकेतून आणली गेली. तोवर तेथे ब्रिटिश वंशाची शॉर्टहॉर्न व हिअरफर्ड गुरे होती. गोचीड, गोचिडांमार्फत पसरणारा ताप, उष्मा आणि वारंवारचे अवर्षण यांपुढे त्यांचा टिकाव लागत नव्हता. वशिंडाच्या या विचित्र जनावरांची प्रारंभी तेथील पशुपालकांनी टवाळीही केली. परंतु दुष्काळी वर्षांत शॉर्टहॉर्न मरत आणि ब्राह्मनचा संकर जगत असे. काही दशकांत उत्तर ऑस्ट्रेलियाचे कळप प्रामुख्याने ब्राह्मन रक्ताचे झाले. गाय जगली, परंतु दरवर्षी व्याली नाही. पूर्वी मरणारी गाय आता रिकामी फिरू लागली, आणि मेलेल्या गाईप्रमाणे रिकाम्या गाईची नोंद कोणी ठेवत नसल्याने हा तोटा बराच काळ नजरेआड राहिला.

त्याचे मोजमाप फार उशिरा झाले. 'कॅश काऊ' या नावाच्या प्रकल्पात उत्तर ऑस्ट्रेलियातील ७२ व्यावसायिक पशुक्षेत्रांवरील सुमारे ७८,००० गाईंच्या नोंदी ठेवण्यात आल्या. त्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाजती असताना, व्याल्यापासून चार महिन्यांच्या आत पुन्हा गाभण राहिलेल्या गाईंचे प्रमाण किती, हा त्यातील एक कळीचा निकष होता. दक्षिणेकडील चांगल्या कुरणांत बहुसंख्य गाई या कसोटीस उतरल्या. सर्वांत उत्तरेकडील विरळ जंगलपट्ट्यात मात्र हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होते. एवढा फरक केवळ वंशामुळे पडत नाही. जमीन, गवत आणि व्यवस्थापन यांचा त्यात मोठा भाग आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. तथापि त्या पट्ट्यातील कळप सर्वाधिक ब्राह्मन रक्ताचे आहेत, हेही विसरता येत नाही.

डोळा, वही आणि शिस्त

प्रयोगशाळेच्या आधी या प्रश्नाला भिडलेल्या दोन व्यक्तींचा उल्लेख येथे आवश्यक आहे. दक्षिण आफ्रिकेतील यान बोन्स्मा यांनी १९३७ पासून मारा येथील संशोधन केंद्रावर तेथील स्थानिक आफ्रिकानर गुरे आणि ब्रिटिश जाती यांचे संकर करून एक नवी जात घडविली. तिच्यात पाच अष्टमांश रक्त आफ्रिकानरचे ठेवले गेले. बोन्स्मा आणि मारा या दोन नावांतून तिला बोन्स्मारा हे नाव मिळाले. भर उन्हात गुरांचे तापमान मोजणे, कातडी व केसांची ठेवण तपासणे, वजने घेणे आणि या नोंदींवरून निवड करणे ही त्यांची पद्धत होती. अंगलटीवरून, मानेच्या ठेवणीवरून आणि केसांच्या तकाकीवरून गाईची प्रजननक्षमता ओळखता येते असेही ते प्रतिपादन करीत आणि त्यावर त्यांची व्याख्याने जगभर गाजली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या वारशाचा टिकाऊ भाग वहीतील नोंदींचा आहे. तरबेज डोळ्याला जे दिसते ते बहुधा खरे असते. परंतु तो डोळा दुसऱ्याला देता येत नाही आणि त्याची चूक तपासताही येत नाही.

दुसरे टॉम लॅसेटर. अमेरिकेतील टेक्सास राज्यात त्यांच्या वडिलांनी जमविलेल्या ब्राह्मन, हिअरफर्ड व शॉर्टहॉर्न रक्ताच्या कळपातून त्यांनी बीफमास्टर ही जात घडविली. १९३७ पासून कळपात बाहेरचे रक्त येऊ दिले नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने या जातीला मान्यता दिली. स्वभाव, प्रजननक्षमता, वजन, बांधा, काटकपणा आणि दूध या सहाच गोष्टी ते पाहत. रंग, शिंगे, कानांची लांबी यांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. प्रत्येक कालवडीने दुसऱ्या वर्षी व्यायले पाहिजे, त्यानंतर दरवर्षी व्यायले पाहिजे आणि वासरू स्वतः वाढवून दिले पाहिजे. एकदा चुकली की ती कळपाबाहेर गेली. गाय कितीही देखणी असो, या नियमाला अपवाद नव्हता. आपल्याकडील खिलार वळूंची प्रदर्शने पाहिलेल्या वाचकाला या नियमाचा कठोरपणा चटकन जाणवेल. प्रदर्शनात शिंगांची डौलदार ठेवण, पाठीची रेघ आणि कातडीचा रंग यांना गुण मिळतात. त्या वळूच्या आईला दोन वेतांमध्ये किती महिने लागले, हे विचारण्याची प्रथा नाही.

ऑस्ट्रेलियातही या दिशेने एक प्रयत्न झाला होता. रॉकहॅम्प्टनजवळील बेलमाँट संशोधन केंद्रावर १९५० च्या दशकात आफ्रिकेतील गुरे आणि हिअरफर्ड-शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून बेलमाँट रेड ही जात विकसित करण्यात आली. उष्मा व गोचीड सोसूनही नियमित विणारी गाय हा तिचा हेतू होता. परंतु ब्राह्मनचा प्रसार तोवर इतका वेगाने झाला होता की कळपांचे चित्र बदलले नाही.

एका गुणांकाचा गैरसमज

लॅसेटर यांच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांचा एक गंभीर आक्षेप होता आणि तो समजून घेतल्याखेरीज पुढील संशोधनाचे महत्त्व कळत नाही. जनावरा-जनावरांत जो फरक दिसतो त्यातील किती भाग वंशातून आलेला आहे आणि किती भाग चारा, हवामान, आजार, योगायोग यांतून आलेला आहे, हे सांगणाऱ्या संख्येला आनुवंशिकता-गुणांक म्हणतात. त्याचे मूल्य शून्य ते एक या दरम्यान असते. वाढीच्या वजनाचा गुणांक साधारण ०.३ ते ०.४ येतो. गाय यंदा व्याली की नाही, या गुणाचा मात्र ०.०५ ते ०.१० इतकाच येतो. यावरून पाठ्यपुस्तकांनी असा निष्कर्ष काढला की प्रजननक्षमता निवडीने सुधारत नाही. तिच्यासाठी चारा सुधारावा, फार तर संकर करावा.

गुणांक खरा होता, निष्कर्ष घाईचा होता. व्याली किंवा नाही व्याली, ही मोजणी अतिशय ढोबळ आहे. दोन गाई या वर्षी रिकाम्या राहिल्या असे समजा. एकीचे अंडाशय वळू कळपातून काढल्यानंतर आठवड्याभरातच कार्यरत झाले; दुसरीला आणखी दोनशे दिवस लागले. वहीत दोघींपुढे शून्यच पडते. उलट चांगल्या वर्षी ४० व्या दिवशी माजावर आलेली आणि ८० व्या दिवशी आलेली अशा दोघींपुढे एकच आकडा पडतो. वंशातील फरक अस्तित्वात असतो, परंतु मोजण्याची पट्टी त्याला दिसू देत नाही. परीक्षेत केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच कळविले आणि गुण सांगितले नाहीत, तर वर्गाची खरी प्रतवारी जशी लपून राहते, तसाच हा प्रकार आहे. विद्यापीठीय वाचकांना हे उदाहरण पुरेसे परिचित असावे.

या अडचणीवर पहिला तोडगा ऑस्ट्रेलियातील 'ब्रीडप्लॅन' या पैदासमूल्यांकन पद्धतीने काढला. वळू कळपात सोडल्याच्या दिवसापासून गाय व्याली त्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावयाचे, आणि न व्यालेल्या गाईला दंडादाखल अधिक दिवस लावावयाचे. लवकर गाभण राहणारी आणि उशिरा राहणारी यांतील भेद त्यामुळे नोंदीत उतरू लागला. गुणांक तरीही लहानच राहिला.

खरी कलाटणी मिळाली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ऑस्ट्रेलियातील गोमांस-संशोधनाच्या सहकारी केंद्राने दोन हजारांहून अधिक कालवडी नोंदीखाली घेतल्या. त्यांत सुमारे निम्म्या ब्राह्मन होत्या आणि उरलेल्या उष्ण कटिबंधासाठी घडविलेल्या संमिश्र वंशाच्या होत्या. दर चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक कालवडीच्या अंडाशयाची अल्ट्रासाऊंड तपासणी करण्यात आली. बीजांड सुटल्यानंतर अंडाशयावर जो पीतपिंड तयार होतो तो प्रथम कोणत्या वयात दिसला, याची नोंद झाली. हे त्या कालवडीचे वयात येण्याचे खरे वय होय. माजाची बाह्य लक्षणे पाहून हे वय इतक्या अचूकपणे कळत नाही, कारण झेबूत मुका माज पुष्कळ आढळतो.

या मोजणीत ब्राह्मन कालवडींचे सरासरी वय सुमारे ७५० दिवस आले आणि संमिश्र वंशाच्या कालवडींचे सुमारे ६५०. ब्राह्मन उशिरा वयात येते, ही जुनी समजूत येथवर खरीच ठरली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्राह्मनच्या आतील फरकाची होती. एकाच रानात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या ब्राह्मन कालवडींमध्ये काही फार लवकर वयात आल्या आणि काही फारच उशिरा. या फरकाचा आनुवंशिकता-गुणांक ब्राह्मनमध्ये ०.५७ आणि संमिश्र वंशात ०.५२ निघाला. वाढीच्या वजनाहूनही तो मोठा आहे. पुढे याच गाई पहिलटकरीण झाल्या तेव्हा त्यांचा पाजतेपणीचा माजविरहित काळही असाच मोजण्यात आला. त्याचा गुणांक ब्राह्मनमध्ये ०.५ च्या जवळपास आला, संमिश्र वंशात त्याच्या साधारण निम्मा. त्याच गाईंच्या आयुष्यभरातील दरवर्षी तुटलेल्या वासरांचे प्रमाण पाहिले असता गुणांक पुन्हा ०.१ च्या आसपासच राहिला. तथापि ज्यांच्या वंशात लवकर वयात येणे आणि लवकर माजावर परतणे होते, त्यांच्याच वंशात आयुष्यभराची वासरेही अधिक होती. थोडक्यात, अंतिम फळाची आनुवंशिकता पुसट दिसत असली तरी त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियांची आनुवंशिकता ठळक होती.

या संख्यांचा व्यवहारातील अर्थ पाहू. एखाद्या कळपातून सरासरीपेक्षा १०० दिवस आधी वयात आलेल्या मादी निवडल्या आणि वळूही वंशाने तितक्याच आघाडीचे मिळाले, तर ०.५७ या गुणांकानुसार पुढची पिढी सुमारे ५७ दिवस आधी वयात येण्याची अपेक्षा धरता येते. वळूला अंडाशय नसल्याने त्याची परीक्षा त्याच्या बहिणींवरून व मुलींवरूनच करावी लागते आणि प्रत्यक्षात निवड इतकी कडक करता येत नाही, म्हणून प्रगती याहून मंद असते. तरीही 'निवडीने काही होत नाही' या विधानाला आता आधार उरत नाही. काटकपणा आणि प्रजननक्षमता यांचे वाकडे असावे, गोचीड-उष्मा सोसणारी गाय कमी विणारच, अशी एक शंका घेतली जाई. याच कळपांच्या अभ्यासात तसा मोठा आनुवंशिक विरोध आढळला नाही. दोन्ही गुण एकाच वेळी निवडता येतात.

ब्राझीलमधील नेलोरे गुरांचा पुरावा याला पूरक आहे. ओंगोलचा हा वंश तेथे एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत टप्प्याटप्प्याने नेला गेला. तेथील काही पैदासकारांनी सर्वच कालवडींना १४ महिन्यांच्या वयात वळूची संधी द्यावयास सुरुवात केली. बहुतेक कालवडी त्या वयात गाभण राहत नसत. काही थोड्या राहत. या लवकर गाभण राहण्याचा गुणांकही ०.५ च्या वर असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पूर्वी सर्वच कालवडींना दोन-अडीच वर्षांपर्यंत वळूपासून दूर ठेवले जाई, आणि त्यामुळे लवकर येणारी कोणती व उशिरा येणारी कोणती हा भेद प्रकट होण्याची संधीच नव्हती.

वळूकडून

कळपातील प्रत्येक वासराचे निम्मे आनुवंशिक द्रव्य वळूकडून येते आणि एक वळू दरवर्षी पंचवीस-तीस वासरांचा बाप असतो. म्हणून निवडीचा जोर वळूवर असणे साहजिक आहे. वृषणांचा घेर मोजणे ही यातील सर्वांत स्वस्त कसोटी. साध्या टेपने दोन मिनिटांत मोजता येणाऱ्या या मापाचा आनुवंशिकता-गुणांक ०.४ ते ०.५ आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील ब्रिंक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की ज्या वळूंचा घेर मोठा त्यांच्या सावत्र बहिणी लवकर वयात येतात. बापाचे एक माप मुलींच्या वयात येण्याविषयी बोलते, हा संबंध मोठा उपयुक्त ठरला. अमेरिकेतील पशुप्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार १५ महिन्यांपर्यंतच्या वळूचा घेर किमान ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांवरील वळूचा ३४ सेंटिमीटर असावा लागतो. तसेच निदान ७० टक्के शुक्राणू निर्दोष आकाराचे आणि ३० टक्के पुढे सरकणारे असावे लागतात. ब्राह्मन वळूंचे वृषण सावकाश वाढतात. त्यामुळे त्यांना हे वयाचे निकष जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

संकराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील क्ले सेंटर येथील मांसपशू संशोधन केंद्राच्या प्रदीर्घ प्रयोगांनी त्याचा लाभ निर्विवाद सिद्ध केला आहे. ब्रिटिश जातींच्या आपापसांतील संकरात, वळू दाखविलेल्या प्रत्येक गाईमागे तुटलेल्या वासराचे वजन सुमारे २३ टक्क्यांनी वाढले आणि यातील निम्म्याहून अधिक लाभ आई स्वतः संकरित असल्यामुळे मिळाला. हे संकरज ओज पुढच्या पिढीत अंशतः विरते. निवडीने मिळालेला लाभ मात्र साठत जातो. यास्तव दोहोंना एकमेकांचा पर्याय समजणे योग्य नव्हे.

निवडीच्या मर्यादा

आता उत्तर ऑस्ट्रेलियाच्या त्या विरळ जंगलपट्ट्याकडे परत येऊ. तेथील मातीत स्फुरदाची तीव्र कमतरता आहे. स्फुरदाअभावी गाईची भूक मंदावते, हाडांतील साठा दुधात जातो आणि ती रानात पडलेली हाडे चघळू लागते. त्यातून विषबाधा होऊन ती दगावतेही. अशा गाईच्या वंशात लवकर माजावर येण्याचा गुण असला तरी तो प्रकट होत नाही. पावसाळ्यात स्फुरदयुक्त क्षार चाटावयास ठेवणे, कोरड्या ऋतूच्या आरंभीच वासरे तोडून गाईवरील दुधाचा भार उतरविणे, वळूंमार्फत पसरणाऱ्या जननमार्गाच्या रोगांना आळा घालणे, या गोष्टी पैदाशीच्या आधीच्या आहेत. वासरू तुटल्यानंतर थोड्याच आठवड्यांत कित्येक गाई माजावर येतात, हा तेथील नित्याचा अनुभव आहे.

लॅसेटर यांच्या एकदा चुकली की बाहेर या नियमाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. चारा बरा असलेल्या कळपात तो नियम वंशाची पारख करतो. दुष्काळी वर्षी तोच नियम मुख्यतः दुर्दैवाची पारख करतो. ज्या गाईने आदल्या वर्षी सर्वांत लवकर विऊन सर्वांत वजनदार वासरू वाढविले, तीच गाय खंगून रिकामी राहण्याचा संभव असतो. तिला काढून टाकल्यास आणि आधीची दोन वर्षे भाकड राहून माजलेल्या गाईला यंदा गाभण आहे म्हणून ठेवल्यास निवड उलट्या दिशेने होते. याच कारणाने एका वर्षाच्या निकालापेक्षा आईबाप, बहिणी, मुली यांच्या सर्व नोंदी एकत्र करून काढलेले पैदासमूल्य अधिक विश्वासार्ह ठरते.

जनुकीय चिप आणि नोंदी

अशा नोंदी हजारो मैलांवर विखुरलेल्या कळपांतून मिळणे अशक्यप्राय असल्याने ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. क्वीन्सलँडमधील ब्रायन पाश्चर्स व स्पायग्लास आणि नॉर्दर्न टेरिटरीतील डग्लस डेली या संशोधन केंद्रांवर ब्राह्मन, ड्राउटमास्टर व सांता गर्ट्रूडिस या जातींचे संदर्भ-कळप राखून 'रेप्रोनॉमिक्स' या प्रकल्पात त्यांच्या अंडाशयांच्या तपासण्या सातत्याने होऊ लागल्या. या कळपांतील जनावरांची मोजमापे आणि त्यांच्या गुणसूत्रांवरील हजारो खुणा यांचा मेळ घालून, दूरच्या रानातील एखाद्या गोऱ्ह्याच्या शेपटीच्या केसांवरून त्याच्या मुली कधी वयात येतील याचा अंदाज बांधता येतो. ब्राह्मनच्या पैदासमूल्यांकनात ही पद्धत २०१७ च्या सुमारास समाविष्ट झाली.

भारतातही देशी गोवंशासाठी तयार केलेल्या 'गौ चिप'चे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये विदर्भातील वाशीम येथे झाले. गुणसूत्रांवरील खुणा वाचण्याचे साधन त्यामुळे हाती आले आहे. परंतु त्या खुणांचा अर्थ लावण्यासाठी प्रत्यक्ष जनावरांची मोजमापे लागतात आणि आपल्याकडील नोंदी आजवर मुख्यतः दुधाच्या राहिल्या. दोन-तीन गाई सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात दरमहा अल्ट्रासाऊंड यंत्र नेणे व्यवहार्य नाही, आणि गोठ्यागणिक चारा बदलत असल्याने तेथील आकड्यांची तुलनाही कठीण आहे. कृषी व पशुवैद्यक विद्यापीठांच्या आणि शासकीय पैदास केंद्रांच्या प्रक्षेत्रांवर मात्र गीर, देवणी, लाल कंधारी, डांगी, खिलार यांचे कळप आहेत, तज्ज्ञ आहेत आणि यंत्रेही आहेत. देवणीची कालवड साडेतीन-चार वर्षांनी विते असे आपण वर्गात शिकवितो. तिच्याच बरोबरीच्या, त्याच दावणीच्या कालवडींपैकी कोणती अठराव्या महिन्यात वयात आली होती आणि गोऱ्हा भेटला नाही म्हणून थांबली, हे तेथे तपासता येण्याजोगे आहे. त्यासाठी जन्मतारीख, पहिला पीतपिंड दिसल्याची तारीख, प्रत्येक वेताची तारीख आणि व्याल्यानंतर पुन्हा पीतपिंड दिसल्याची तारीख एवढ्या चार रकान्यांची वही दहा-बारा वर्षे, अधिकारी बदलले तरी, सलग चालू राहणे आवश्यक आहे.